"ताई, माझं तारण गेलं का?"

तारण म्हणजे येशूवरच्या विश्वासाने पापापासून मिळणारी सुटका. हे विचारणाऱ्या तरुणाने पिशवीतून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढून टेबलावर ठेवलं आणि ते आपोआप उघडलं. इब्री लोकांस पत्र, अध्याय 6. पानाचा कोपरा बोटांनी काळवंडलेला, चौथ्या ते सहाव्या वचनाखाली पेनाच्या इतक्या रेघा की कागद फाटायला आला होता. एकदा प्रकाश मिळालेले लोक पतित झाले, तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे, असं ते वचन.

"ताई, हे माझ्याबद्दलच आहे ना?"

वय पंचविशीच्या आसपास. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला त्याची परवानगी आहे.) सात-आठ महिन्यांपूर्वी प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि पेला घेण्याच्या विधीच्या) वेळी त्याच्या मनात येशूबद्दल एक घाण शब्द आला. त्याला नको होता, तरी आला. तेव्हापासून तो प्रभुभोजन घेत नव्हता. रात्री तारणाची प्रार्थना करायचा, मग वाटायचं की मनापासून झाली नाही, की पुन्हा पहिल्यापासून. किती वेळा केली, हे तो एका वहीत रेघा मारून मोजायचा. एका रात्रीच्या रेघा मी मोजू लागले आणि तिसाच्या पुढे थांबले.

तारण जाऊ शकतं का, या प्रश्नावर ख्रिस्ती मंडळ्यांचं एकमत नाही, हे मी त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं. 1618-19 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या प्रोटेस्टंट धर्मसभेने ठरवलं की देव आपल्या निवडलेल्यांना शेवटपर्यंत राखतो. ज्यांच्या विरोधात ती सभा भरली, त्या आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांनी 1610 च्या निवेदनात हा मुद्दा आणखी अभ्यासासाठी मोकळा सोडला होता. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली मानायचा की खरा विश्वासणाराही मागे फिरून नाश पावू शकतो. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये म्हटलं की गंभीर पापाने देवाची कृपा गमावली जाते, आणि पापकबुलीच्या संस्काराने ती परत मिळते. इब्री 6 चे अर्थही त्यानुसार वेगवेगळे लावले जातात. शतकानुशतकांचा हा वाद माझ्या खोलीत सुटणार नव्हता, आणि सुटलाय असं भासवणं मला खोटेपणाचं वाटतं.

पण देवाकडे परत येणाऱ्याला तो दारातूनच हाकलतो, असं यांच्यापैकी कोणीच म्हणत नाही. इब्रीचा लेखक ज्यांच्याविषयी बोलतो, ते ख्रिस्ताला पाठ दाखवून निघून गेलेले लोक आहेत. हा मुलगा तर दाराशी बसून रडत होता. "पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषण", ज्याला क्षमा नाही असं येशू म्हणतो, या शब्दांनीही त्याची झोप उडवली होती. मार्क 3 मध्ये त्याचा संदर्भ दिलेलाच आहे: येशू भुतांच्या अधिपतीच्या बळावर भुतं काढतो, असं शास्त्री (यहुदी धर्मशास्त्राचे पंडित) उघड उघड आणि ठासून म्हणत होते. नको असताना डोक्यात घुसलेला शब्द आणि ते ठासून म्हणणं, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

मग मी त्याच पानावर बोट थोडं खाली नेलं. नववं वचन. "प्रियजनहो" म्हणून तोच लेखक सांगतो की तुमच्याबाबतीत आम्हाला याहून चांगल्या, तारणाशी निगडित गोष्टींची खात्री आहे. तिथे एकही रेघ नव्हती. त्याने ते दोनदा वाचलं. "हे इथेच होतं?"

इथून पुढे चूक माझी. त्या रात्री त्याचा मेसेज आला, "ताई, मी तारलेला आहे ना?" मी उत्तर दिलं, योहान 10 मधलं वचनही पाठवलं: माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकून घेणार नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा, तिसऱ्या रात्री दोनदा. दोन आठवडे मी प्रेमाने उत्तरं देत राहिले आणि त्याच्या वहीतल्या रेघा वाढत गेल्या. माझं उत्तर ही त्याच्यासाठी आणखी एक रेघ झाली होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्याला जे होत होतं, त्याला धार्मिक स्वरूपाचा ओसीडी म्हणतात, हा मनाचा एक आजार आहे. नको असलेला विचार येतो, त्याची भीती वाटते, भीती घालवायला माणूस प्रार्थना किंवा कबुली पुन्हा पुन्हा करतो, घटकाभर बरं वाटतं आणि शंका दुप्पट जोराने परतते. 17 व्या शतकातला इंग्रज उपदेशक आणि लेखक जॉन बन्यन यालाही "ख्रिस्ताला विकून टाक" असा आवाज मनात सतत ऐकू येत असे, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. त्याला आजचं निदान चिकटवणार नाही, पण वर्णन वाचलं की माझ्या खोलीत बसलेले चेहरे आठवतात. "विश्वास कमी पडतोय" असं अशा माणसाला कोणी सांगितलं, की तो आणखी जोराने प्रार्थना करतो आणि आणखी अडकतो. ह्याला तेच सांगितलं गेलं होतं.

मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. औषध सुरू झालं आणि थेरपीही: विचार येऊ द्यायचा, पण त्याला उतारा म्हणून प्रार्थना करायची नाही. त्याच्या पाळकसाहेबांशी त्याच्या संमतीने बोलले. ठरलं असं की पापाची कबुली एकदाच, 1 योहान 1:9 वर विसंबून: आपण पापं कबूल केली तर देव क्षमा करतो. तीच कबुली दुसऱ्यांदा ऐकायची नाही. रात्रीच्या मेसेजला मी एकच उत्तर देऊ लागले: "याचं उत्तर आज देणार नाही. झोप." पहिल्या आठवड्यात तो माझ्यावर चिडला, आणि खरं सांगायचं तर मलाही ते निर्दय वाटत होतं.

हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला हेच लागू पडतं असं नाही. एक गृहस्थ आले होते, घराबाहेरचं नातं सोडायची तयारी नव्हती आणि हवी होती फक्त खात्री: "तारण तर जात नाही ना?" त्यांच्यासमोर मी योहान 10 उघडलं नाही. नातं कधी सोडताय, हे विचारलं. ते पुन्हा आले नाहीत.

तो मुलगा मात्र येत राहिला. पाचव्या महिन्यात म्हणाला, रविवारी प्रभुभोजन होतं.

"विचार आला?"

"आला ना. तोच शब्द."

"मग?"

"मग काय, पेला माझ्यापर्यंत आला होता. घेतला."