अंगठ्याच्या आधीची ओळ

अंबाजोगाई
आषाढ शुद्ध दशमी

लेकरा,

तुझं भाषण काल रात्री दोनदा वाचलं. अक्षर सुरेख आहे, पाठही होईल. पण गुरुपौर्णिमेला हे असंच म्हणू नकोस. पहिल्याच मिनिटाला एकलव्य अंगठा कापतो आणि उरलेली सहा मिनिटं तू त्याची गुरुभक्ती सांगत राहतेस.

तुला बोलायचा मला तसा अधिकार नाही. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. दर आषाढात फळ्यावर धनुष्यबाण काढायचा आणि सांगायचं, शिष्य असावा तर असा! एका वर्षी सहावीतल्या एका पोरानं विचारलं, "सर, त्यांनी शिकवलंच न्हाई, मग फी कशाची?" वर्ग हसला. मीही हसलो आणि वेळ मारून नेली. त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आज तुला लिहितोय.

आदिपर्व काढ. एकलव्य निषादांचा राजा हिरण्यधनू याचा मुलगा, म्हणजे तोही राजपुत्रच. तो द्रोणांकडे येतो, द्रोण त्याला शिष्य करून घेत नाहीत, आणि का ते महाभारत लपवत नाही: 'नैषादिरिति चिन्तयन्'. हा निषादाचा, एवढा विचार करून. त्याला एक बाण तरी सोडायला सांगितला का? नाही. ही अर्धी ओळ अंगठ्याच्या बरीच आधी येते आणि सगळे भाषणवाले तिच्यावरून उडी मारून मातीच्या पुतळ्यापाशी पोचतात. तू तिथे थांब. श्लोक म्हणून दाखव, अर्थ सांग, आणि दोन क्षण गप्प राहा.

पुढची कथा तुला येते. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण, अर्जुनाची एकांतातली तक्रार, उजव्या अंगठ्याची मागणी. पण अंगठा तुटल्यावर अर्जुनासाठी जो शब्द आलाय तो बघ: 'विगतज्वर'. त्याचा ताप उतरला! व्यासांनी इथे कुणाची बाजू घेतलेली नाही, नुसता ताप मोजून ठेवलाय. आणि द्रोणपर्वात, घटोत्कच पडल्यावर, खुद्द कृष्ण अर्जुनाला सांगतो की तुझ्या भल्यासाठी द्रोणांनी आचार्यपणाच्या आडून एकलव्याचा अंगठा काढून घेतला. तिथे शब्द आहे 'छद्मना'. कपटानं. ज्याला ग्रंथ कपट म्हणतो त्याला आपण गुरुदक्षिणा म्हणून शाळेच्या भिंतीवर रंगवलं.

आता एक चूक दुरुस्त कर. 'सूतपुत्र म्हणून द्रोणांनी कर्णाला शिकवलं नाही' असं तू लिहिलंयस. हे टीव्हीवरचं. आदिपर्वात द्रोणांकडे शिकायला आलेल्यांत राधेयाचं, म्हणजे कर्णाचंच, नाव आहे. अडतं ते पुढे, आणि ते शांतिपर्वात सापडतं. कर्ण एकांतात ब्रह्मास्त्र मागतो तेव्हा द्रोण म्हणतात, ते व्रतस्थ ब्राह्मणानं जाणावं किंवा तपस्वी क्षत्रियानं, इतरानं नाही. मग तो महेंद्र पर्वतावर परशुरामांकडे जातो आणि आपण भार्गव ब्राह्मण असल्याचं सांगतो. पकडला कशानं जातो? किडा मांडी पोखरतो, पण मांडीवर गुरू झोपलेत म्हणून हा हलत नाही. ब्राह्मणाला इतकं सोसणार नाही, असं परशुराम म्हणतात. सोसण्याची सवयच त्याच्याविरुद्ध साक्षीला आली. एकलव्याला दारातूनच परत पाठवलं, कर्णाला वर्गात बसवलं पण आतल्या खोलीची किल्ली दिली नाही. दुसरी तऱ्हा आजही ओळखू येते. तू कॉलेजात आहेस, तुला काय सांगायचं.

आणि हो, द्रौपदीचं 'मी सूताला वरणार नाही' हे वाक्य काढून टाक. भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात हस्तलिखितं ताडून महाभारताची जी संहिता सिद्ध केली, तिच्या मूळ पाठात ते नाही. पहिल्या रांगेत कुणी वाचलेला माणूस बसला असेल तर एवढ्या एका वाक्यावरून तुझं सगळं भाषण खोटं पाडेल.

रामायणातल्या शंबुकाचं, तप केलं म्हणून रामानं मारलेल्या शूद्राचं, घेऊ का, असं विचारलंयस. सात मिनिटांत नको. ती गोष्ट ज्यात येते ते उत्तरकांड मागाहूनचं की मूळचं, या वादातच वेळ जाईल.

त्याऐवजी विदुर घे. उद्योगपर्वात धृतराष्ट्राला झोप येत नाही, विदुर रात्रभर त्याला नीती सांगतो. राजा म्हणतो, अजून काही राहिलं असेल तर सांग. विदुर म्हणतो, मी शूद्रयोनीत जन्मलो, याच्यापुढचं बोलायला मी धजत नाही. आणि लगेच म्हणतो, त्या कुमाराचं, म्हणजे सनत्सुजात ऋषीचं, ज्ञान मला ठाऊक आहे. ठाऊक आहे, पण तोंडातून काढायचं नाही! मग सनत्सुजाताला बोलावतात.

हा प्रसंग वाचला की मला आमचा वाडा आठवतो. श्रावणात पोथी लागायची. वाचणारे ओसरीवर, बाया माजघराच्या दारात, आणि सालगड्याची बायको अंगणात कडुनिंबाखाली. पाऊस आला की बाकीचे आत सरकायचे, ती पदर डोक्यावर ओढून तिथंच बसून राहायची. ओव्या तिला पाठ होत्या. वाचणारा अडखळला की तिचे ओठ पुढचा शब्द लावायचे, आवाज मात्र फुटू द्यायची नाही. मी आठ-नऊ वर्षांचा होतो, मला ते ओठ दिसायचे. तिला आत ये म्हणावं, हे मला सुचलं नाही. मोठा झाल्यावरही बरीच वर्षं सुचलं नाही.

भाषण झाल्यावर कुणीतरी उठून सांगेल की व्यास कोळिणीचा मुलगा, मिथिलेत मांस विकणाऱ्या धर्मव्याधानं ब्राह्मणाला धर्म शिकवला, जबालेला मुलाचं गोत्र सांगता आलं नाही तरी सत्यकामाला गुरू मिळाला. सगळं खरं आहे, मान्य कर. फक्त छांदोग्य उपनिषदातलं, सत्यकामाचे गुरू गौतम यांचं वाक्य पुढे ठेव: अब्राह्मण असं बोलू शकणार नाही. मुलगा खरं बोलला म्हणून दार उघडलं, पण दारावरची पाटी तीच राहिली.

बाबासाहेबांना हायस्कुलात संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत ते स्वतःच्या कष्टानं शिकले. त्यांच्या संस्थेनं १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याला आज मिलिंद म्हणतात. मिलिंद म्हणजे नागसेन भिक्खूला प्रश्न विचारणारा राजा. नाव उत्तर देणाऱ्याचं नाही, विचारणाऱ्याचं. एम.ए.ला तिकडे जायचं म्हणतेस ना, म्हणून सांगितलं.

शेवटचं. पत्रात तू सहज लिहून गेलीस की दसऱ्याच्या आधी आगाऊ पैशांची उचल घेताना आजोबा अजून मुकादमाच्या वहीत अंगठा देतात. ही ओळ भाषणात नाही, पत्रात आहे. ती भाषणात आण. एकलव्याचा अंगठा मागून घेतला आणि आजोबांच्या हाती अंगठाच तेवढा ठेवला. मात्र आधी आजोबांना विचार. ते नको म्हणाले तर नको.

रविवारी ये. आदिपर्वाचा खंड काढून ठेवतो, पानात खूण घातलीय. आणि सुरुवात त्या सहावीतल्या पोराच्या प्रश्नानं कर. त्यातलं 'न्हाई' तसंच म्हण, 'नाही' करू नकोस.

तुझे,
सर