‘गोल्ड’मध्ये हे गाणं का नाही?

प्रश्न : ‘अ‍ॅबा’ या स्वीडिश पॉप गटाच्या ‘गोल्ड’ या 1992च्या संकलनात ‘द डे बिफोर यू केम’ नाही. माझ्या मते ते त्यांचं सर्वांत उत्तम गाणं. ते सोडून ‘थँक यू फॉर द म्युझिक’ कशाला घेतलं? आणि गाणी काळानुसार का लावली नाहीत?

उत्तर : आकडे तुमच्याच बाजूने आहेत. ब्रिटनच्या खपाच्या यादीत तुमचं गाणं 1982मध्ये 32व्या क्रमांकापर्यंत गेलं. ‘थँक यू’ तिथे 1983मध्ये सिंगल म्हणून, म्हणजे सुटी तबकडी म्हणून आलं आणि 33व्यावरच अडकलं. पाचव्या क्रमांकापर्यंत पोचलेलं ‘समर नाइट सिटी’सुद्धा ‘गोल्ड’मध्ये नाही. तेव्हा निवड नुसती खपावर झालेली नाही, हे उघड आहे.

आता क्रम बघा. पहिली चार गाणी – ‘डान्सिंग क्वीन’, ‘नोइंग मी, नोइंग यू’, ‘टेक अ चान्स ऑन मी’, ‘मामा मिया’ – चारही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेली. नवख्या श्रोत्याला उसंतच द्यायची नाही, असा हा बेत. 18वं ‘थँक यू’, म्हणजे रीतसर निरोप. आणि लोक उठायला लागतात तोच 1974चं, युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकलेलं ‘वॉटर्लू’! सगळ्यांत जुनं गाणं शेवटी. काळानुसार लावलं असतं तर ही मजा गेली असती. ‘थँक यू’ची वर्णी त्या जागेसाठीच लागली, असं मला वाटतं.

तुमचं गाणं या मैफलीत बसवायचं कुठे? सहा मिनिटांना थोडं कमी, ध्रुवपद नाही. एक बाई आपला रोजचाच दिवस सपाट सुरात सांगत जाते, गाडी, ऑफिस, जेवण, टीव्ही. गटातली गायिका अग्नेथा हिने ते इतकं अलिप्तपणे गायलंय की त्यानंतर नाचाचं गाणं लावणं अवघडच. शिवाय 19 गाण्यांनी सीडी 77 मिनिटांच्या आसपास भरलेली. ‘द नेम ऑफ द गेम’सुद्धा पहिल्या आवृत्तीत कापलेलं होतं, ते 1999मध्ये पूर्ण आलं. म्हणजे एखादं गाणं काढल्याशिवाय तुमचं आत येत नाही.

1993च्या ‘मोअर गोल्ड’मध्ये ते आहे. पण तुम्हाला काळानुसारच ऐकायचंय, तर 1982चं ‘द सिंगल्स : द फर्स्ट टेन इयर्स’ मिळवा. ‘रिंग रिंग’पासून सुरुवात, आणि तुमचं गाणं शेवटून दुसरं. त्यानंतरचं ‘अंडर अटॅक’ मी स्वतः कधीच लावत नाही.