भीती असू दे, तू उभी राहा

पुणे

चिरंजीव मुली,
अनेक आशीर्वाद.

‘थोडा आत्मविश्वास आला की मी स्वतः युक्तिवाद करीन, तोपर्यंत मसुदे लिहिते’ हे तुझ्या पत्रातले वाक्य वाचून मला तुझी माया आली आणि रागही आला. कायदा तुला येतो, मसुदा तू नेटका करतेस, त्यावर शाई खर्च करीत नाही. तुझा घोटाळा क्रमाचा आहे. भीती आधी जात नाही. आधी उभे राहावे लागते, भीती मागाहून जाते, आणि कधी कधी पुरती जातही नाही.

मागच्या आठवड्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात आपला पुकारा झाला, तेव्हा समोरच्यांचे म्हणणे अजून दाखल झालेले नाही, एवढेच सांगायचे होते. फाइलीची नाडी तू बोटाला इतकी घट्ट गुंडाळली होतीस की बोटाचे टोक पांढरे पडले होते. शेवटी मी उठले, दोन वाक्ये बोलले, पुढची तारीख पडली आणि तू सुटकेचा श्वास सोडलास. मला धास्ती वाटते ती त्या श्वासाची. प्रसंग टळला की जिवाला बरे वाटते, बरे वाटले की मन पुन्हा टाळायला शिकते, आणि ज्याला आपण कधी तोंडच दिले नाही ते संकट मनातल्या मनात वाढत राहते.

विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उभे राहिले, त्यांचे डोके गरगरले, एकही प्रश्न सुचेना, आणि ३० रुपयांची फी परत करायला सांगून ते निघून गेले, ही हकीकत तुला ठाऊक असेलच. लोक ती दिलासा म्हणून सांगतात. मला मात्र तिच्यापुढचे महत्त्वाचे वाटते. १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि प्रिटोरियात तिथल्या भारतीय लोकांची सभा बोलावून त्यांनी भाषण केले. समोर गांजलेली माणसे होती आणि त्यांच्यासाठी कोणी तरी बोलायला हवे होते. आधी निर्भय होऊ आणि मग बोलू, असे म्हणत ते बसले असते तर बसूनच राहिले असते. आधी उभे राहायचे असते, मुली. किती वेळा सांगू?

एखाद्या खुनाच्या खटल्यात तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी घे, असे मी म्हणत नाही. मेरी कव्हर जोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला भिणाऱ्या एका लहान मुलावरचा प्रयोग १९२४ साली प्रसिद्ध केला. मुलगा आवडीचा खाऊ खात असताना त्यांनी ससा टप्प्याटप्प्याने त्याच्या जवळ आणला, आणि अखेरीस तो मुलगा सशाला गोंजारू लागला. त्यांनी घाई केली नाही, पण ससा कायमचा खोलीबाहेरही ठेवला नाही. तुझा ससा मी आता खोलीत आणते आहे.

मी ज्युनियरांना पाण्यात ढकलते, असे बाररूममध्ये माझ्याविषयी बोलतात. बोलोत. फार प्रेमळ सीनियरांच्या हाताखाली वाढलेली हुशार मुले मी पाहिली आहेत. त्यांच्यावर कधी अवघड वेळ येऊच दिली गेली नाही, आणि आज केस पिकले तरी ती तारीख मागून परत फिरतात, युक्तिवादाला दुसऱ्याला उभे करतात. त्यांच्यापैकी एक माझी जवळची मैत्रीण आहे, आणि कायद्याचा तिचा अभ्यास माझ्याहून सखोल आहे. तिच्याकडे पाहून मला जी हळहळ वाटते, ती तुझ्याकडे पाहून वाटून घ्यायची माझी तयारी नाही. याला कोणी कठोरपणा म्हणत असेल तर मी कठोर आहे आणि तशीच राहीन.

तेव्हा गुरुवारी कसबा पेठेतल्या आजींच्या दाव्यात निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईहुकुमाच्या, अर्जावर तू बोलायचे आहेस. शेजाऱ्याने पत्रे ठोकून त्यांची वहिवाटीची वाट अडवली आहे, आणि त्या रोज दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून ओशाळत ये-जा करतात. तुझ्या छातीतल्या धडधडीपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. सकृतदर्शनी हक्क, सोयीचा समतोल, म्हणजे गैरसोय कोणाची अधिक, आणि भरून न येणारे नुकसान या तीन मुद्द्यांच्या बाहेर जाऊ नकोस. जागा पाहून आलेल्या कोर्ट कमिशनरच्या अहवालातला नकाशा वर ठेव. आवाज कापला तरी कोर्टाच्या रोजनाम्यात त्याची नोंद होत नाही. मी मागच्या बाकावर असेन आणि आजींचे नुकसान होते आहे असे दिसल्याखेरीज उठणार नाही. तू अडखळलीस, एवढ्यासाठी तर मुळीच उठणार नाही.

न्यायाधीश साहेबांनी मध्येच काही विचारले आणि उत्तर आठवले नाही, तर ‘कागद पाहून सांगते’ असे म्हणायचे, कागद पाहायचा आणि सांगायचे. बुधवारी संध्याकाळी सगळे कागद क्रमाने लावून ऑफिसात ये.

तुझी,
मॅडम