दिरहमाला 24 ने गुणण्याआधी

वाचकांचे प्रश्न : पैसा आणि परदेश

(या अंकातल्या सगळ्या हिशेबांत डॉलर 90 रुपये धरला आहे. तुम्ही हिशेब कराल त्या दिवसाचा दर घाला आणि आकडे बदलून घ्या. पद्धत तीच राहते.)

प्रश्न : धाकटा भाऊ पुण्यात 35,000 रुपयांवर आहे. दुबईत 3,000 दिरहमांची नोकरी आली आहे, म्हणजे 73,500 रुपये. घरचे म्हणतात, दुप्पट पगार सोडायचा कशाला? – एक वाचक, बीड

73,500 हा आकडा बरोबर आहे. पण तो अख्ख्या पगाराला लावलात तिथे हिशेब चुकला. दिरहम रुपयांत बदलतो तो फक्त घरी पाठवलेल्या पैशांपुरता. तिथे खर्च होणारा दिरहम तिथल्याच भावाने जातो.

एक नमुना मांडू. दोन माणसांच्या खोलीतला नव्हे, बेडस्पेसचा, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचा दर 800 दिरहम, जेवण 650, मेट्रो-बस 300, फोन आणि किरकोळ 250. एकूण 2,000. उरले 1,000 दिरहम, म्हणजे 24,500 रुपये. आता पुणे : भागीतली खोली 7,000, मेस 4,500, येणं-जाणं 2,000, इतर 2,500. एकूण 16,000 आणि शिल्लक 19,000. फरक महिन्याला साडेपाच हजारांचा. दुप्पट कुठेच नाही.

राहणं आणि ने-आण कंपनीची असेल तर मात्र चित्र पालटतं. 1,100 दिरहम वाचतात आणि शिल्लक 51,000 रुपयांच्या पुढे जाते. म्हणून पगाराच्या आकड्याआधी करारपत्रात तीन गोष्टी पाहा. राहण्याची सोय लेखी आहे का? विमानाचं तिकीट कोणाचं? आणि 3,000 पैकी मूळ पगार किती? तिथली ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात : पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार. मूळ 1,200 आणि भत्ते 1,800 असं लिहिलेलं असेल तर परतताना हातात येणारी रक्कम निम्म्याहूनही कमी होते.

दराचं म्हणाल तर दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. म्हणजे डॉलर चढला की रुपयाच्या हिशेबात दिरहमही चढतो. डॉलर 85 असताना 1,000 दिरहमांचे साधारण 23,140 रुपये होत होते, 90 ला 24,500 होतात. ही 1,360 रुपयांची वाढ मालकाने दिलेली नाही, ती रुपयाच्या घसरणीतून आली आहे. तेवढ्यात इकडचं डिझेल आणि गोडेतेलही महागलं असेल तर घरच्यांच्या हाती फार काही उरत नाही.

पैसे पाठवताना फी किती यापेक्षा खात्यात शेवटी किती रुपये जमा होतात ते विचारा. 'फी शून्य' म्हणणारा दरातच कापून घेतो. हवाल्याच्या दोन पैशांच्या लोभात पडू नका. तो गुन्हा आहे, आणि पैसे बुडाले तर दाद मागायला जागाही नाही. भाऊ दहावी झालेला नसेल तर पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी लागते असा शिक्का असेल. मग ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंद असलेल्या एजंटाकडूनच जा. त्याची फी 30,000 रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. लाख-दीड लाख मागणाऱ्याला दारातूनच वाट दाखवा.

प्रश्न : एक येन 60 पैशांच्या आतबाहेर मिळतो. मग जपान आपल्यापेक्षा स्वस्त का नाही? – एक विद्यार्थी, जालना

येन हा त्यांचा रुपया समजू नका, पैसा समजा. एका नोटेची किंमत किती यावरून देश स्वस्त की महाग ते कळत नाही. ते कळतं तासाभराच्या मजुरीत काय येतं यावरून. जपानमध्ये 2025 साली किमान वेतनाची सरासरी तासाला 1,121 येन झाली. रामेनचा एक वाडगा साधारण 1,000 येनांचा. म्हणजे तासाभराच्या किमान मजुरीत एक जेवण.

मोबाइल, सोनं, कच्चं तेल जहाजाने जगभर फिरतं, म्हणून त्यांचे भाव सगळीकडे जवळपास येतात, कर सोडला तर. दाढी-कटिंग, खोलीभाडं, खानावळीचं ताट जहाजात चढत नाही. ते तिथल्याच मजुरीच्या भावाने मिळतं. म्हणूनच अमेरिकेत सरासरी एका डॉलरला जे येतं ते भारतात साधारण 20 रुपयांत येतं, बाजारात डॉलर 90 ला असला तरी. याला क्रयशक्ती-समतेचा दर म्हणतात. तो बँकेत मिळत नाही, दोन देशांतलं राहणीमान ताडून पाहायला तेवढा उपयोगी.

प्रश्न : मुलीला नीटमध्ये इथे जागा मिळाली नाही. कझाकस्तानात सहा वर्षांचं वैद्यकीय शिक्षण आहे, फी वर्षाला 5,000 डॉलर. एजंटने 27 लाखांचा कागद दिला आहे. पुरेल का? – एक पालक, लातूर

फीलाच पुरणार नाही. एजंटने सहाही वर्षं डॉलर 90 वरच उभा ठेवला आहे. 2005 च्या अखेरीस डॉलर साधारण 45 रुपये होता, डिसेंबर 2025 मध्ये त्याने 90 ओलांडले. वीस वर्षांत दुप्पट, म्हणजे सरासरी वर्षाला साडेतीन टक्के. हाच वेग पुढे धरला तर सहाव्या वर्षी डॉलर 107 च्या आसपास असेल, त्या वर्षीची फी 4.5 लाखांऐवजी 5.34 लाख, आणि एकूण फी 29.5 लाख. तूट अडीच लाखांची. घसरण सरळ रेषेत येत नाही. दोन वर्षं काहीच होत नाही आणि एका हिवाळ्यात पाच रुपये जातात. ते नेमकं हप्त्याच्या महिन्यात आलं की धावपळ होते.

पहिली चौकशी करा : कोणता खर्च कोणत्या चलनात? फी डॉलरात असते. वसतिगृह कधी डॉलरात, कधी तेंगेत, म्हणजे तिथल्या चलनात. जेवण, बस, औषधं तेंगेत. कझाकस्तानने ऑगस्ट 2015 मध्ये तेंगे मोकळा सोडला आणि डॉलरमागे 190 च्या आतला दर वर्षअखेरीला 340 च्या आसपास गेला. ज्यांच्या हाती डॉलर होते त्यांना काही महिने भाजी-भाकरी स्वस्त पडली. मग आयात माल महागला, महागाई दोन आकडी झाली आणि तो फायदा विरत गेला. फी डॉलरातच असल्याने तिच्यात काहीच सूट मिळाली नाही. 'तिथलं चलन पडतंय, शिक्षण स्वस्त होईल' असं कोणी सांगितलं तर हे आठवा.

शैक्षणिक कर्ज रुपयांत मंजूर होतं, डॉलर चढला म्हणून बँक ते आपोआप वाढवत नाही. 25 लाख मंजूर करून घेतलेल्यांची ओढाताण पाचव्या वर्षी सुरू होते. मंजुरीच्या वेळीच 12 ते 15 टक्के जादा मागा. उचल लागेल तशीच होते आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं.

फी पाठवताना मुलीचं किंवा पालकाचं पॅन, प्रवेशपत्र, विद्यापीठाचं बिल, विद्यापीठाच्या खात्याचा स्विफ्ट कोड आणि बँकेचा ए-2 फॉर्म लागतो. शुल्काच्या रकान्यात 'ओयूआर' (सगळं शुल्क पाठवणारा भरेल) निवडा, नाहीतर मधल्या बँका 20-25 डॉलर कापतात आणि विद्यापीठ म्हणतं फी अपुरी आली. बँकेचा दर आणि बाजारातला आंतरबँक दर यांतलं अंतर पाहा. डॉलरमागे 50 पैसे म्हणजे 5,000 डॉलरवर 2,500 रुपये, आणि त्यावर घासाघीस होते. ती बहुतेक जण करत नाहीत. 4.5 लाखांच्या चलनबदलावर जीएसटी 495 रुपये. तो ठरलेला आहे, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो कर) नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर अजिबात नाही. एजंटच्या हातात रोख डॉलर किंवा त्याच्या खात्यावर फी, दोन्ही टाळा.

प्रश्न : रुपया पडला की आयात तेल महागतं, मग सोयाबीन वर जायला हवं. आमच्या आडतीत तसं दिसलं नाही. – एक शेतकरी, अहमदपूर

तुमचा तर्क बरोबर आहे, मधे सरकार आलं. कच्चं सोयातेल टनाला 1,100 डॉलर धरा. डॉलर 85 असताना किलोला 93.50 रुपये. त्यावर 27.5 टक्के आयात शुल्क धरून 119.20. मे 2025 अखेर कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क 16.5 टक्क्यांवर आणलं. पुढे डॉलर 90 झाला तेव्हा किलोला 99 रुपये, शुल्कासह 115.30. रुपया साडेपाच रुपयांनी तुमच्या बाजूने उभा राहिला, शुल्काने त्याहून जास्त काढून नेलं.

क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम 18 किलो, त्यामुळे तेलाचा हा फटका क्विंटलला सत्तरेक रुपयांचा. खरा भाव बांधते ती 80 किलो पेंड. तिला आता इथेनॉल कारखान्यांतून निघणाऱ्या डीडीजीएसची, म्हणजे धान्याच्या वाळलेल्या चोथ्याची स्पर्धा आहे. कोंबडीखाद्यवाले स्वस्त माल उचलतात. बाहेर आपली पेंड अर्जेंटिनापेक्षा महाग पडते, ब्राझीलचं चलनही घसरलं तर आणखीच. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 असूनही आडतीत भाव खाली राहायला एवढं पुरेसं होतं.

खर्चाची बाजूही बघा. युरियाची 45 किलोची गोणी 266.50 आणि डीएपीची 1,350 रुपयांवर राहिली, कारण डॉलरचा भार सरकार अनुदानातून घेतं. पालाश सगळं बाहेरून येतं, म्हणून 10:26:26 सारख्या मिश्र खतांत रुपयाची घसरण गोणीच्या भावात दिसते.

प्रश्न : पाच जण उमरासाठी मक्केला निघालो आहोत. रियाल उतरायची वाट पाहावी का? – एक वाचक, परभणी

सौदी रियाल डॉलरला 3.75 ने 1986 पासून बांधलेला आहे, त्यामुळे वाट पाहाल ती डॉलरची. पाच जणांचे 20,000 रियाल लागणार असतील तर रियालमागे रुपयाभराच्या फरकाने 20,000 रुपये इकडे-तिकडे होतात. निम्मे आत्ता, निम्मे निघायच्या आठवड्यात घ्या. घेताना गावातल्या दोन-तीन ठिकाणचा भाव विचारा. विमानतळावरच्या काउंटरवर फक्त टॅक्सीपुरते. साध्या डेबिट-क्रेडिट कार्डावर बँका साधारण साडेतीन टक्के लावतात, फॉरेक्स कार्डावर हा भार वाचतो. दुकानातलं मशीन 'रुपयांत की रियालात' विचारेल तेव्हा रियालच निवडा. रुपये निवडलेत तर दर त्यांचा लागतो. उरलेल्या नोटा परत विकता येतात, नाणी कोणी घेत नाही. ती जेद्दाच्या विमानतळावर चहाला संपवा.