शंका-समाधान : नळीवरचा मुकुट आणि दारूचा बार

प्रश्न : घरात आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे, परवान्यासह. नळीवर मुकुट, त्याखाली फुलीसारखे दोन राजदंड आणि बी, पी, सी ही अक्षरे आहेत. म्हणजे नळी मजबूत आहे ना? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : ही १८१३ साली स्थापन झालेल्या बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसची, म्हणजे नळ्यांची चाचणी घेऊन शिक्का मारणाऱ्या संस्थेची खूण. नळी चाचणीच्या दिवशी टिकली, एवढीच तिची साक्ष. लोखंडाची पट्टी गुंडाळून, तापवून सांधलेल्या जुन्या नळीचा सांधा लांबीला असे. नळीवरचा आडवा ताण उभ्याच्या जवळपास दुप्पट असतो, म्हणून कच्चा सांधा उभाच उकलतो. तो पकडायलाच चाचणीत जास्त दारू ठासत. ब्रिटिश फौजेच्या १८५३ च्या एनफील्ड या ठासणीच्या बंदुकीला नेहमी अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे ४.४ ग्रॅम दारू आणि ३४ ग्रॅमची गोळी लागे. चाचणीचा बार याहून बराच भारी. बार काढल्यावर नळ्या लगेच धूत नसत. बारीक चीर असेल तर तिच्यातून सोरा (दारूतला क्षार) पाझरून पांढरा डाग उमटे. मग फुगवटा, चीर, नळीचे बूड बंद करणाऱ्या डाट्याची बैठक पाहून शिक्का.

आपल्याकडची अडचण वेगळी. जळलेल्या दारूची काजळी ओल धरते आणि खानापूरचा पाऊस आपण जाणताच. गंज बुडाशी, नेमका दाब सर्वांत जास्त तिथे खड्डे पाडतो. शिक्का मारणाऱ्याने ते पाहिलेले नाहीत.

आधी नळी भरलेली नाही ना ते बघा. पिढ्यान्‌पिढ्या ठासून ठेवलेल्या बंदुका सापडतात. तोंड आपल्याकडे येऊ न देता गज आत सोडा, तोंडाशी खूण करा, मग गज बाहेरून नळीला लावा. टोक कानापर्यंत, म्हणजे बुडाशी दारू पेटवण्याच्या छिद्रापर्यंत पोचत नसेल तर आत ठासलेली दारू-गोळी असू शकते. उकरू नका, परवानाधारक कारागिराकडे न्या. रिकामी नळी उजेडात बघताना आत काळी कडी दिसली, तर तो फुगवटा. गोळी दारूवर न बसता मध्ये पोकळी राहिली की तो तसा येतो. अशी नळी भिंतीवरच बरी.

प्रश्न : चाचणीत जास्त दारू सोसली, मग आपणही थोडी वाढवावी का? (निपाणी)

उत्तर : नाही. ती भर एकदोनदाच, दूरवरून चेतवून, माणसे भिंतीआड ठेवून दिलेली. शिवाय हा शिक्का जुन्या, धूर करणाऱ्या काळ्या दारूपुरता. आधुनिक बिनधुराची दारू चिमूटभरसुद्धा घालू नये.