माफी कशाची मागायची, ते आधी ठरव

पत्र

मावशी, मी मूळची सांगलीची. लग्न अमेरिकन मुलाशी झालं आणि चार वर्षांपासून आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या हिकरी गावात त्याच्या आजीच्या घरी राहतो. आजेसासूबाई नव्वदीला टेकल्यात. तशा प्रेमळ आहेत, पण त्यांच्या सवयींनी मी कंटाळलेय. हॉटेलातून साखरेच्या पुड्या पर्समध्ये भरून आणतात. बेकनचं सुटलेलं तेल गाळून डब्यात साठवतात. मी ताटात काही टाकलं की बोलत नाहीत, पण बघतात. इथपर्यंत मी चालवून घेतलं. या जूनमध्ये सात वर्षांच्या मुलाला पोहण्याच्या क्लासला घातलं आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं. ‘उन्हाळ्यात मुलांना पाण्यात सोडत नाहीत’ एवढंच पुन्हा पुन्हा. त्याच आठवड्यात मी त्यांचं जुनं लोकरी ब्लँकेट गरम पाण्यात भिजवलं, तर त्या रडत खोलीबाहेर गेल्या. मला ते नाटक वाटलं. रविवारी जेवताना सगळ्यांसमोर मी बोलून गेले, ‘तुमच्या काळातली भुतं माझ्या मुलाच्या मानगुटीवर बसवू नका.’ त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘भावाला ओढ्यावर मीच नेलं होतं,’ आणि उठून गेल्या. नवऱ्याने नंतर सांगितलं की त्यांच्या धाकट्या भावाला 1944 मध्ये पोलिओ झाला होता. जन्मभर पायात कॅलिपर होते, तीन वर्षांपूर्वी तो वारला. याहून जास्त त्यालाही माहीत नाही. तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. नवरा म्हणतो, लक्ष देऊ नको. मी माफी मागू का? मागितली तर पोहणं बंद करावं लागेल का?

– हिकरीची सून

उत्तर

हिकरीच्या सूनबाई,

माफी माग. त्या एका वाक्याची माग, पोहण्याची नको. या दोन गोष्टींची तू गाठ मारली आहेस, म्हणून तुला सुटत नाहीये. मुलाचा क्लास चालू राहू दे. पण ‘भुतं’ हा शब्द तू ज्या गावात उच्चारलास, त्या गावात 1944 च्या उन्हाळ्यात काय झालं होतं, हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. चार वर्षं तू तिथे राहतेस, नवरा तिथलाच, आणि तरी! तेव्हा आधी ते ऐक.

त्या जूनमध्ये हिकरीच्या आसपास, कटाबा नदीच्या खोऱ्यात, एकामागून एक मुलं तापाने पडू लागली. ताप उतरायचा आणि पाय उचलत नसत. काहींना श्वासही घेता येईना. शार्लटच्या इस्पितळात जागा पुरेना. मग गावाबाहेर तळ्याकाठी मुलांच्या उन्हाळी शिबिराची जागा होती, तिथे इस्पितळ उभं करायचं ठरलं. युद्ध चालू, माणसं आघाडीवर, सामान मिळेना. तरी लोकांनी लाकूड आणलं, सुतार आणि नळवाले आले, तुरुंगातले कैदी खणायला लावले, सैन्याकडून तंबू आले, आणि 54 तासांत ते इस्पितळ सुरू झालं. अमेरिकेत त्याला ‘हिकरीचा चमत्कार’ म्हणतात. दक्षिणेत त्या वेळी काळ्या आणि गोऱ्या माणसांची पाणी प्यायची जागासुद्धा वेगळी असायची, पण इथे दोन्हींकडची मुलं एकाच ठिकाणी घेतली. तिथे शेकडो मुलांवर उपचार झाले, आणि 1945 च्या मार्चमध्ये उरलेल्या मुलांना शार्लटला हलवलं.

ही झाली अभिमानाने सांगायची बाजू, आणि गावं तेवढीच सांगतात. तुझ्या आजेसासूबाई तेव्हा सात-आठ वर्षांच्या असतील. त्यांच्या वाट्याला चमत्कार आला नसणार. त्यांना दिसला असेल तो बंद उन्हाळा. मुलांना सिनेमा बंद, पोहणं बंद, रविवारची शाळा बंद, अंगणाबाहेर पाऊल नाही. असं सांगतात की हिकरीतून जाणाऱ्या मोटारींच्या काचा भर उन्हाळ्यात वर असायच्या, गावची हवासुद्धा आत यायला नको म्हणून. ज्या घरातलं मूल इस्पितळात गेलं, त्या घराकडे शेजारी कसे बघत असतील, ते आपण करोनाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत पाहिलंय, मी वेगळं सांगायला नको. आणि त्या शिबिरात आईबापांना सहजी आत सोडत नसत. शिवाय भेटायला जायचं तर मोटारीत पेट्रोल हवं, आणि साध्या घरगुती गाडीला आठवड्याला चार गॅलनपेक्षा जास्त मिळत नव्हतं. विचार कर, आईला मुलाच्या तोंडाकडे बघायला जायचं की नाही, हे कुपन मोजून ठरवावं लागत होतं.

आता साखरेच्या पुड्या. अमेरिकेत साखर रेशनवर गेली 1942 च्या मे महिन्यात आणि सुटली 1947 च्या जूनमध्ये. म्हणजे युद्ध संपल्यावरही जवळजवळ दोन वर्षं. आजेसासूबाईंचं अख्खं बालपण त्यात गेलं. माणशी आठवड्याला साधारण अर्धा पौंड, म्हणजे पाव किलोपेक्षाही कमी. तान्ह्या बाळाच्या नावाचंसुद्धा रेशनचं पुस्तक असायचं. कॉफी, लोणी, मांस, डबाबंद भाज्या, चपला-बूट, सगळं कुपनावर. मांसासाठी लाल पॉइंट, डब्यातल्या मालासाठी निळे, आणि सुटे पॉइंट परत द्यायला 1944 मध्ये लाल-निळ्या टिकल्या निघाल्या होत्या. पोरांनी त्यांचा खेळ केला असेल. त्या पुस्तकावर छापलेलं असायचं, ‘गरज नसेल तर घेऊ नका.’ आणि ज्या बेकनच्या तेलाचा तुला कंटाळा येतो ना, ते तेल डब्यात साठवून खाटकाकडे नेऊन द्यायचं असायचं. त्यातल्या ग्लिसरिनपासून दारूगोळा बनायचा. बदल्यात थोडे पैसे आणि मांसाचे जादा पॉइंट मिळायचे. सात-आठ वर्षांच्या मुलीला हे घरचं काम म्हणून दिलेलं असणार. तो डबा म्हणजे लढाईवर गेलेल्या मामा-काकांसाठी तिने केलेली कामगिरी. तू त्याला कंजूषपणा म्हणतेस.

आपल्याकडेही काही वेगळं नव्हतं गं. 1972 च्या दुष्काळात रेशनच्या दुकानात मिलो मिळायचा. तांबडी, बेचव, अमेरिकेतून आलेली ज्वारी. शाळेत सुकडी. माझी आई त्यानंतर पन्नास वर्षं जगली, पण तेलाची पिशवी संपली की कापून, उलटी करून त्यात कणकेचा गोळा फिरवल्याशिवाय तिने कधी फेकली नाही. घरात तेलाचा पंधरा किलोचा डबा असतानाही! मी एकदा वैतागून ती पिशवी तिच्या हातातून ओढून घेतली होती. ती काही बोलली नाही. मुकाट्याने दुसरी पिशवी घेतली.

मुद्द्याकडे येते. मला खरं थांबवलं ते ब्लँकेटने. तू तीन ओळींत उरकलंस, पण तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. त्या काळी पोलिओच्या मुलांवर एलिझाबेथ केनी या ऑस्ट्रेलियन नर्सच्या पद्धतीने उपचार होत असत. त्याआधी आखडलेले पाय प्लास्टरमध्ये किंवा फळ्यांना बांधून ठेवायचे. केनीबाई म्हणाल्या, बांधू नका, शेका आणि हलवा. त्यासाठी लोकरी ब्लँकेट फाडून त्याच्या पट्ट्या करायच्या, उकळत्या पाण्यात टाकायच्या, पिळायच्या आणि गरमगरम मुलाच्या हातापायांना गुंडाळायच्या. दिवसातून कितीतरी वेळा. युद्धामुळे लोकर दुर्मिळ होती, तर हिकरीच्या लोकांनी आपापल्या पलंगावरची ब्लँकेटं इस्पितळाला दिली. मूल घरी आल्यावरही अनेक आया हा शेक महिनोन्महिने चालू ठेवत. त्या आजारातून गेलेल्या माणसांना विचार, म्हातारपणीही आठवतो तो गरम, ओल्या लोकरीचा वास. आणि भाजत असतानाचं पोरांचं ओरडणं.

तू ते ब्लँकेट गरम पाण्यात टाकलंस. त्यांच्या घरात.

तुला माहीत नव्हतं, म्हणून त्यात तुझा दोष नाही. पण ‘नाटक’ हा शब्द मनातून काढून टाक.

राहिला ओढा. ‘भावाला ओढ्यावर मीच नेलं होतं.’ ऐंशी वर्षं हे वाक्य त्या बाईने पोटात ठेवलं, आणि भाऊ गेल्यावर तीन वर्षांनी जेवणाच्या टेबलावर, तुझ्यासमोर काढलं. नवऱ्यासमोर नाही, मुलांसमोर नाही, तुझ्यासमोर. रागाने का होईना. हे मला वाटतं तुझ्याही लक्षात आलंय, नाहीतर तू पत्र लिहिलं नसतंस.

पुन्हा कधी त्या हे बोलल्या, तर घाईने ‘छे छे, ओढ्याने नाही झालं’ म्हणू नकोस. ते तुलाही माहीत नाही आणि त्यांना ते खोटं वाटेल. खरं काय ते सांग. पोलिओचा विषाणू शौचावाटे बाहेर पडतो आणि हातावाटे, अन्नपाण्यावाटे तोंडात जातो. ज्यांना लागण होते, त्यांतल्या बहुतेकांना काहीच होत नाही, फार तर साधा ताप येतो. पांगळेपणा येतो तो दोनशेत एखाद्याला. म्हणजे पहिल्या मुलाचा पाय लुळा पडला, त्याच्या कितीतरी आधी हा विषाणू घराघरांतून फिरून गेलेला होता. ओढा, शेजारी, दुकान, जेवणाचा हात, कुठून आला ते तेव्हाच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. आठ वर्षांच्या मुलीला कसं कळणार होतं? एवढंच बोल. एक गोष्ट मात्र बोलू नकोस, आणि तुझ्या शिकलेल्या नवऱ्यालाही बोलू देऊ नकोस: अशा साथीत ज्यांना काहीच झालं नाही, त्या भावंडांनीही नकळत विषाणू घरात आणलेला असू शकतो. हे शास्त्राला धरून आहे, पण त्यांना या वयात त्याची गरज नाही.

तू विचारशील, बोलणं सुरू कसं करू? 1944 पासून करू नकोस. 1955 पासून कर. 12 एप्रिल 1955 ला सॉल्क या शास्त्रज्ञाची पोलिओवरची लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर झालं, तेव्हा अमेरिकेत गावोगाव चर्चच्या घंटा वाजल्या, लोक रस्त्यात येऊन रडले. आजेसासूबाई तेव्हा अठरा-एकोणीसच्या असतील. ‘ग्रॅनी, त्या दिवशी तुम्ही कुठे होता?’ असं विचार. हा प्रश्न सुखाच्या टोकाकडून जातो. तिथून मागे, त्या उन्हाळ्यात यायचं की नाही, ते त्यांचं त्या ठरवतील. कदाचित येणार नाहीत. मग नाही.

तुझ्याकडूनही काहीतरी दे. आपल्याकडे पोलिओ रविवार असायचा, करंगळीला शाईची खूण, दारावर खडूने आकडे, आशाताई उन्हातून वणवण फिरायच्या, हे सांग. भारतातला शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत सापडला आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त ठरला, हेही सांग. त्यांचा भाऊ कॅलिपर लावून ज्या गावात चालला, तिथे तुझा मुलगा धावतोय. त्याच्या लसीच्या कार्डावर पोलिओचे चारही डोस नोंदलेले असतील. ते कार्ड त्यांना दाखव. मात्र वाद जिंकायला दाखवू नकोस. तुझं रविवारचं तोंड मला आता माहीत आहे.

माफी एकटीने मागायची. तू बोललीस सगळ्यांसमोर, म्हणून सगळ्यांसमोरच मागावी असं कोणी सांगेल. मी नाही सांगणार. टेबलावर पुन्हा सगळ्यांनी त्यांच्याकडे बघायचं, ही त्यांना दुसरी शिक्षा. दुपारी, दोघीच असताना, हात धुऊन समोर बस आणि म्हण, ‘मी जे बोलले ते बोलायला नको होतं. मला माहीत नव्हतं.’ बास. ‘पण’ लावायचा नाही. लगेच मिठी मारतील अशीही अपेक्षा नको. त्या पिढीतल्या बायका ‘बरं’ म्हणतात आणि चहा-कॉफी ठेवायला उठतात. तेच उत्तर असतं.

पोहण्याचं त्यांनीच विचारलं तर सरळ सांग, क्लास चालू आहे. लपवून नेऊ नकोस, सात वर्षांच्या पोराला तर खोटं बोलायला मुळीच लावू नकोस. क्लासहून आल्यावर तो त्यांच्यासमोर दोन-चार उड्या मारू दे. पहिल्या उन्हाळ्यात त्या त्याचे पाय बघत बसतील. बघू देत. ‘चला, तुम्ही पण बघायला’ असा आग्रह मात्र करू नकोस.

नवऱ्याला माझा निरोप: ‘लक्ष देऊ नको’ हा सल्ला नव्हे, ती सुट्टी आहे, आणि ती त्याने स्वतःच मंजूर करून घेतली आहे. ज्या माणसाने पायात लोखंड घालून आयुष्य काढलं, तो त्याच्या आजीचा सख्खा भाऊ. त्याच्याबद्दल नातवाला दोन वाक्यांपलीकडे माहीत नाही, तर एखाद्या संध्याकाळी जुने फोटो काढून आजीशेजारी त्याने बसायचं. तू नाही. हे काम सुनेच्या गळ्यात पडतं, अमेरिकेतही पडतं की काय, देव जाणे!

आणि एक, घर त्यांचं आहे. पत्रात तू ते एका शब्दात लिहून पुढे गेलीस. साखरेच्या पुड्या ठेवायला एक बरणी दे, झाकणाची. तेलाचा डबा त्यांच्या ओट्याच्या कडेला आहे तिथेच राहू दे. तुला ताटात टाकायची सवय आहे, ती मात्र मलाही पटलेली नाही. थोडं वाढून घेत जा.

ते ब्लँकेट यापुढे घरी धुवू नकोस. ड्रायक्लीनला टाक, आणि वाळून, घडी होऊन आलं की त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेव.

– मावशी