रस्त्यावर उभी राहणारी गाडी: अलार्म घेण्याआधी सीट रिकामी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या नव्या सोसायटीत पार्किंग मिळालं नाही, सहा वर्षांची हॅचबॅक रात्री समोरच्या मोकळ्या प्लॉटच्या कडेला लावता, आणि गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या गाडीची काच फोडून कोणीतरी बॅग नेली. तेव्हा दहा हजारांत अलार्म बसवावा, जीपीएस घ्यावा की डॅशकॅम?

मी काही वर्षं मोटर विम्याच्या सर्व्हेचं काम केलंय. फुटलेल्या काचा, उपटलेली स्टिरिओ, विटांवर उभ्या केलेल्या गाड्या बऱ्याच पाहिल्या. त्यावरून सांगतो, तुमच्या दहा हजारांतले आठ तरी खिशातच राहतील.

आधी भीती नक्की कोणाची आहे ते ठरवा. काच फोडून बॅग उचलणारा, सायलेन्सर नाहीतर चाकं काढून नेणारा आणि अख्खी गाडी पळवणारा, हे तिघं वेगवेगळे. त्यांची हत्यारं वेगळी, लागणारा वेळ वेगळा, माल घेणारं गिऱ्हाईकही वेगळं. जीपीएस तिसऱ्यासाठी. पहिला तर गाडी जागची हलवतच नाही, त्याला तुमच्या जीपीएसचं काय? आणि शेजाऱ्यांकडे आला होता तो पहिलाच.

या पहिल्याचं काम अर्ध्या मिनिटाचं असतं. बाजूच्या काचा टफन्ड असतात, एका जागी टोकदार मार बसला की सगळी काच शेंगदाण्याएवढे तुकडे होऊन खाली येते. पुढची काच दोन थरांत पातळ प्लॅस्टिक घालून केलेली असते. ती तडकते पण जागा सोडत नाही, म्हणून तिच्या नादी कोणी लागत नाही. कंपनीचा अलार्म बऱ्याच गाड्यांत दार उघडलं तरच वाजतो. काच फोडून हात आत घातला आणि बॅग ओढली, तर तो गपगार. धक्क्याचा सेन्सर असलेला अलार्म बाहेरून बसवून मिळतो, पण तो शेजारून डंपर गेला तरी वाजतो, दिवाळीत तर रात्रभर. चौथ्या दिवशी तुम्ही तोच बंद करून ठेवाल, आणि तोवर सोसायटीतल्यांनी तुमच्याशी बोलणं बंद केलेलं असेल.

म्हणून आत काही दिसता कामा नये. काही म्हणजे काहीच नाही. लॅपटॉपची बॅग तर सोडाच, पण चार्जरची वायर, काचेवरचा मोबाइल होल्डर, मागच्या सीटवर टाकलेलं जर्किन, मिठाईच्या दुकानाची पिशवीसुद्धा. पिशवीत काल आणलेला चिवडा आहे हे तुम्हाला माहीत, त्याला काच फोडल्यावर कळणार. नुकसान तेच. माझ्या ओळखीचे एकजण रात्री डॅशबोर्डचा खण मुद्दाम उघडा टाकून जातात, आत काही नाही हे टॉर्च मारणाऱ्याला दिसावं म्हणून. मला आधी हसू आलं होतं. आता मीही तसंच करतो. काळी फिल्म लावून आतलं झाकायचा विचार मात्र करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच त्यावर बंदी आणली, आणि मोबाइलचा टॉर्च काचेला टेकवला की फिल्ममधूनही बरंच दिसतं.

डिक्कीबद्दल सगळ्यांचा गैरसमज असतो. माझाही होता, तो मोडला संभाजीनगर रोडवरच्या एका लॉन्सवर. भाचीचं लग्न, आम्ही पोचलो तेव्हा सातचा मुहूर्त टळत आलेला. पार्किंगमध्ये गाडी लावली, उतरलो, मागच्या सीटवरची बॅग उचलली, डिक्कीत ठेवली, रिमोटचं बटण दाबलं आणि अक्षता टाकायला पळालो. बॅगेत सौ.चा शालू, कॅमेरा आणि आहेराची पाकिटं. जेवून आलो तर ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली, सीट जागच्या जागी, डिक्की उघडी. कारण सरळ आहे: बहुतेक गाड्यांत डिक्की उघडायची खिट्टी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते, किंवा मागची सीट पाडून डिक्कीत हात जातो. डिक्की म्हणजे तिजोरी नव्हे, नुसता आडोसा. आणि मी तो आडोसा सगळ्या पार्किंगला दाखवून वापरला होता. तेव्हापासून आमच्याकडे बॅग डिक्कीत जाते ती घरूनच, नाहीतर मुक्कामाच्या दोन किलोमीटर आधी. थांबल्यावर डिक्कीला हात लावायचा नाही. पाहुणे चिडतात, चिडू देत.

आपल्याकडे अशा गाड्या हेरायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहाटेचे जॉगिंग ट्रॅक घ्या. कृषीनगर असो की गोल्फ क्लबचं मैदान, माणूस पाकीट आणि मोबाइल गाडीत ठेवून पळायला जातो, आणि तो निदान अर्धा तास परत येणार नाही हे बघणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. अंजनेरी, हरिहर या गडांच्या पायथ्याला तर चार-पाच तासांची निश्चिंती. तिथे गावातल्या एखाद्या घराच्या अंगणात पैसे देऊन गाडी लावावी, ती नोट सत्कारणी लागते. त्र्यंबकला श्रावणी सोमवारी गर्दीत गाडी दूर लावावी लागते, तेव्हा दागिने आणि रोकड घरीच ठेवा. २०२७ च्या सिंहस्थात याहून गर्दी होईल, त्या वेळी तर गाडीत पाण्याची बाटलीच असू द्या.

दिवसाढवळ्या होणारा एक प्रकार वेगळा. बँकेतून पैसे काढून तुम्ही गाडीत बसता, कोणीतरी काचेवर टकटक करून सांगतो, ‘काका, ऑइल गळतंय’, किंवा ‘खाली नोटा पडल्यात तुमच्या’. तुम्ही उतरून वाकता, दुसऱ्या बाजूचं दार उघडतं, बॅग गेली. ऑइल खरंच सांडलेलं असतं, त्यांनीच टाकलेलं. असं कोणी सांगितलं तर काचा वर, दारं लॉक, आणि सरळ पुढच्या पेट्रोल पंपावर जाऊन बघा. इंजिन तेवढ्यात जळत नाही, फक्त ऑइलचा लाल दिवा लागला तर लगेच थांबा.

लॉकबद्दल एवढंच सांगतो: चालता चालता मागे न बघता रिमोट दाबायची सवय सोडा. रिमोटच्या लहरी अडवणारं यंत्र जवळ असलं तर बटण दाबलं जातं, गाडी उघडीच राहते. हँडल ओढून बघायला दोन सेकंद लागतात.

आता दुसरा, सुटे भाग नेणारा. तुमच्या हॅचबॅकला त्याचा फारसा धोका नाही. हा माणूस मारुतीची ईको व्हॅन शोधत फिरतो. सायलेन्सरच्या सुरुवातीला धूर स्वच्छ करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात, आणि ईकोचा सायलेन्सर खालून पटकन हाती लागतो. आतल्या भुकटीला ‘माती’ म्हणतात आणि ती मातीच विकली जाते. सोसायटीत कोणाची शाळेची किंवा टपरीची ईको असेल तर त्यांना सांगा, वेल्डिंगवाल्याकडून सायलेन्सरला पट्ट्यांचा पिंजरा करून घ्या. तुमच्या गाडीला अलॉय चाकं असतील तर प्रत्येक चाकाला एक लॉक नट घाला. त्याची चावी हरवू नका, नाहीतर पंक्चरच्या वेळी चोराऐवजी तुम्हीच रडाल.

गाडी नेणाऱ्याचा बंदोबस्त करायला माझी पहिली पसंती गिअर लॉकला. दीड हजाराच्या आसपास बसून मिळतो. त्यात बॅटरी नाही, सिम नाही, रिचार्ज नाही. रिव्हर्समध्ये गाडी अडकवून ठेवतो आणि बाहेरून दिसतो, तेच त्याचं मोठेपण. चोराला गाडी हवी असते, तुमचीच हवी असं नसतं. जोडीला चाकं फुटपाथकडे वळवून हातब्रेक ओढायचा, मग ढकलत किंवा ओढत नेणंही अवघड. सहा वर्षांच्या गाडीत इमोबिलायझर बहुधा असेलच, म्हणजे किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. बटण स्टार्टची गाडी असेल तर किल्ली दाराशेजारच्या खुंटीला अडकवू नका. घरातल्या किल्लीचा सिग्नल पकडून बाहेरच्या गाडीपर्यंत पोचवणारी यंत्रं असतात. तुम्ही चौथ्या मजल्यावर असाल तर फार काळजी नको, रो हाउसवाल्यांनी मात्र किल्ली स्टीलच्या डब्यात ठेवावी. डबा कामाचा आहे का ते सोपं आहे: किल्ली आत ठेवून, झाकण लावून डबा गाडीजवळ न्या. दार उघडलं तर डबा बदला.

जीपीएस घ्यायचाच असेल तर घ्या, पण बसवणाऱ्याने तो सगळ्यांच्या परिचयाच्या जागी, स्टिअरिंगखाली, बसवू नये. बाकी एक फुकटचा जीपीएस तुमच्या काचेवर आहेच, फास्टॅग. नाशिकमधून महामार्गाने गाडी बाहेर गेली तर मुंबईकडे घोटी, धुळ्याकडे पिंपळगाव बसवंत, पुण्याकडे शिंदे असे टोलनाके लागतात, आणि पैसे कापल्याचा मेसेज तुमच्या मोबाइलवर येतो. म्हणून गाडी गेल्या गेल्या घाईने फास्टॅग बंद करू नका, आलेला मेसेज आधी पोलिसांना दाखवा. हुशार चोर तो खरवडून टाकतो, पण सगळेच हुशार नसतात.

डॅशकॅम मला या कामासाठी पटत नाही. गाडी बंद असताना तो चालू ठेवायचा तर बॅटरी पितो, आणि काच फोडायला आणखी एक कारण देतो. त्यापेक्षा त्या प्लॉटसमोरच्या बंगल्याचा कॅमेरा रस्त्याकडे बघतो का ते मालकांना भेटून विचारा. चहा घेऊन या त्यांच्याकडे. काही दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं, आणि ऐन वेळी अनोळखी माणसाला फुटेज कोणी लवकर देत नाही. पहाटे गाड्या धुवायला येणाऱ्या पोरांशीही ओळख ठेवा. पाच वाजता रस्त्यावर कोण नवीन दिसतंय हे वॉचमनपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. दिव्याचा खांब बंद असेल तर मनपाकडे तक्रार करा, आणि दहा जणांना करायला लावा.

विम्याचं सांगतो, ते माझं क्षेत्र. पॉलिसी काढून बघा. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरती असेल तर गाडी चोरीला गेल्यावर एक रुपया मिळत नाही. सहा वर्षांच्या गाडीला पैसे वाचवायला बरेच जण तेवढीच ठेवतात. नव्या गाडीवाल्यांची वेगळीच गंमत असते: थर्ड पार्टी तीन वर्षांची आणि गाडीच्या नुकसानीचा भाग एकाच वर्षाचा असतो, आणि ‘तीन वर्षांचा विमा आहे’ म्हणून ते दुसऱ्या वर्षी निवांत बसतात. आतलं सामान साध्या पॉलिसीत धरत नाहीत, त्यासाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते.

आणि एक काच फुटली म्हणून क्लेमला धावू नका. काचेवर घसारा कापत नाहीत हे खरं, पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये तुमचेच. समजा काच ३,००० ची, मिळाले २,०००. आणि तीन वर्षं क्लेम नसल्याचा ३५ टक्के बोनस शून्यावर आला. नुकसानीच्या भागाचा हप्ता बोनस वजा होण्याआधी ८,००० असेल तर पुढच्या वर्षी निदान २,८०० गेले, आणि बोनस पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचा.

गाडीच गेली तर मात्र एक तास दवडू नका. ११२ ला फोन करा, चोरीची एफआयआर नोंदवा, साध्या अर्जावर भागवू नका. १ जुलै २०२४ पासून चोरीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३०३ आहे. हद्दीचा वाद निघाला, म्हणजे त्र्यंबककडे घटना ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत आणि तुम्ही शहरात, तर झिरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. एफआयआर वेळेत असताना केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय, पण त्या निकालाच्या भरवशावर कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढा? शेवटी कंपनी दोन गोष्टी मागते, त्यावर माणसं अडतात: पोलिसांची ‘अ समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल, आणि दोन्ही मूळ किल्ल्या. जुनी गाडी एका किल्लीवर घेतलेल्यांची तिथे पंचाईत होते.

काच फुटलीच तर पंचनाम्याआधी काही झाडू नका, फोटो काढा. नवी काच बसवताना दाराचं आतलं पॅनल उघडून तुकडे व्हॅक्युमने काढायला लावा, नाहीतर ते खाली अडकतात, खुळखुळतात आणि काच वरखाली व्हायला त्रास होतो. घराची किल्ली आणि आरसी गाडीत ठेवत असाल तर आजच काढा. आरसीवर पत्ता आणि किल्ली कुलूप उघडणारी. आरसी डिजीलॉकरवर चालते.

त्या प्लॉटच्या कडेचा रात्रीचा एक फोटो टाका ना इथे, खांब आणि बंगल्याचं गेट दोन्ही दिसतील असा. गाडीचं तोंड कुठल्या बाजूला करून लावायचं ते मग सांगतो. आणि तुमच्याकडे किल्ल्या किती आहेत, एक की दोन?